वच्छलाची झील

बल्लारपूरच्या स्टुडिओत मी पहिली ओळ गायलो आणि थांबलो. काचेपलीकडे प्रवीण बसला होता. त्यानं हातानं पुढं चला असं केलं, पण मी थांबूनच राहिलो. कानावर मोठमोठे काळे डबे लावलेले. त्यातून पेटी वाजत होती, ढोलकी वाजत होती, आणि माझी ओळ तशीच हवेत लटकलेली होती.

"विसरले का जी आबाजी?" डब्यातून प्रवीणचा आवाज आला.

"नाई गा."

"मंग?"

"झील कोन घेईन?"

प्रवीणला हसू आलं. तो चांगला पोरगा. मोबाईलच्या दुकानावर त्याची खोली, भिंतींना अंडी ठेवायचे कागदी ट्रे चिकटवलेले. नाटक कंपन्यांची गाणी तो तिथं भरून देतो, लग्नाच्या वरातीचीही देतो. पण दंडारीत तो कधी उभा राहिलेला नव्हता.

दंडार म्हणजे आमच्याकडचा चौकातला गाण्या-नाचाचा खेळ, आणि त्यात गाणारा एकटा नसतो. तो ओळ टाकतो आणि मागं उभे असलेले ती उचलतात. त्या उचलण्याला झील म्हणतात. साधा झीलकरी टाकलेलीच ओळ परत म्हणतो. पण हाडाचा झीलकरी असेल तर तो ओळीला जोड देतो, टोला देतो, कधी गाणाऱ्याचीच फजिती करतो. ज्यांनी मला दंडार शिकवली त्या बुवांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की ओळ भुईवर पडू द्यायची नाही. कोणी उचलली नाही तर पुढं जायचं नाही, उभं राहायचं. मिशी फुटली तेव्हापासून मी तसाच गात आलो. आता म्हातारपणी काचेच्या खोलीत एकट्यानं गायचं म्हणजे विहिरीवर जाऊन बादली न सोडता दोर ओढल्यासारखं वाटायला लागलं.

"झील मी मांगून कम्प्युटरवर टाकून देतो," प्रवीण म्हणाला. "तुमी गात राहा."

मग दिवसभर गात राहिलो. मधे मालगाडी गेली की थांबायचं, पेपरमिलचा भोंगा झाला की थांबायचं, आणि झीलच्या जागी मात्र थांबायचं नाही. उलटंच सगळं. संध्याकाळी त्यानं गाणं लावून दाखवलं. आवाज स्वच्छ होता, तांब्याच्या भांड्यासारखा घासलेला. माझी नात दीपाली सोबत आली होती. ती चंद्रपूरला कॉलेजात शिकते, आणि आबाजीची गाणी मोबाईलवर सगळ्यांना ऐकता यावीत ही खटपट तिचीच. तिनं गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"कसं झालं वो?" मी विचारलं.

"आबाजी, रागावू नोका. तुमी बातम्या देऊन राह्यले असं वाटते."

प्रवीण आधी तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि मग तोच म्हणाला, "मलेबी तसंच वाटून राह्यलं. पन मी कसा म्हनू?"

"घरच्या कॅसेटी लावू का?" दीपाली म्हणाली.

त्या कॅसेटींची गोष्ट अशी. मला अक्षरं उशिरा आली. दीपाली पहिलीत गेली तेव्हा तिच्या पाटीवर तिच्या शेजारी बसून मी बाराखडी गिरवली. त्याच्या आधी गाणं सुचलं की ते ठेवायला जागा नव्हती. डोक्यात ठेवायचं आणि धानाच्या बांधीवरून घरी येईपर्यंत अर्धं सांडायचं. मग माझा मेहुणा, जो कोळशाच्या खाणीत कामाला होता, त्यानं नवा टेप घेतला आणि जुना मला दिला. तेव्हापासून गाणं सुचलं की मी लाल बटण दाबायचो. अर्धं सुचलं तर अर्धं, चाल नुसतीच सुचली तर नुसती चाल. घरात दंडारीचे लोक कुठून असणार? पण वच्छला घरात असायचीच. माझी बायको. मी ओळ टाकायचो आणि ती जिथं असेल तिथून उचलायची, चुलीपासून, जात्यापासून, गोठ्यातून. लिहायला यायला लागलं तसा टेप माळ्यावर गेला. कॅसेटी तिनंच धानाच्या कोंड्यात पुरून ठेवल्या होत्या, ओल लागू नये म्हणून.

दुसऱ्या खेपेला दीपालीनं त्या पिशवीत भरून बल्लारपूरला नेल्या. प्रवीणनं कुठून तरी जुना टेप आणला. पहिली कॅसेट लागली. खरखर झाली, कोंबडी ओरडली, आणि मग माझाच तरणा आवाज आला.

"मोहाच्या झाडाखाली पहाट सांडली गं..."

लगेच लांबून, घागर ठेवल्याच्या आवाजासोबत, वच्छलाचा.

"वेचता वेचता, वेचता वेचता, टोपली मांडली गं... हाड्! हाड् हाड्! बकरी आली तांदळात! गाता काय, हाका ना तिले!"

"रेकॉर्डिंग सुरू हाये वो."

"तुमचं रेकॉर्डिंगच खाऊन राह्यली ते!"

प्रवीण खुर्चीवरून पडायचाच राहिला. पुसायला रुमाल सापडेना म्हणून त्यानं डोळे बाहीनं पुसले. मग एक कॅसेट, दुसरी कॅसेट. त्यात मी ओळ चुकत होतो, खोकत होतो, चाल सोडून दुसरी धरत होतो. दंडारीत कधीच न गेलेली गाणी होती. बैलाचं गाणं होतं, जे मी चौकात एकदाच म्हटलं आणि सोडून दिलं, कारण तिथं झीलकरी भैयाजी नुसती ओळच परत म्हणाला आणि गाणं जागच्या जागी बसलं. आणि सगळ्यात वच्छला होती. प्रत्येक ओळीला तिची जोड वेगळी. त्यातल्या बहुतेक जोडांमध्ये माझीच टिंगल होती.

"आबाजी," प्रवीण म्हणाला, "मी भरलेलं आपन बाजूले ठेवून देऊ. हेच काढू."

"कच्चं?"

"कच्चंच. राह्यलेले, मोडके, अर्धे. जसे हायेत तसे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गावात लावू, आन् मंग मोबाईलवर सोडू."

मला त्या क्षणी किती आनंद झाला ते लिहून सांगता येत नाही. लोक मला नावाजतात, बक्षीस देतात, हार घालतात. पण या पट्ट्यातली सगळ्यात चांगली झील कुठं होती ते मला एकट्याला ठाऊक होतं. मी चौकात अनेकदा म्हणायचो, खरी झील माझ्या घरी आहे. लोकांना ती बायकोची थट्टा वाटायची. आमच्या तरुणपणी दंडारीत बाई उभी राहत नव्हती, बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. आता तिचा आवाज गावानं एकदा तरी ऐकावा, एवढंच मला पाहिजे होतं. गाणी माझी राहोत की जावोत.

घरी आलो तेव्हा वच्छला दिवाळीचं अंगण सारवत होती. मी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"माहा आवाज?"

"हो."

"भोंग्यावर? मंडईत? सोयऱ्याधायऱ्याच्या पुढं?"

"त्यात काय हाये?"

"मामाजीनं आयकलं असतं तं काय म्हनले असते?"

"बाबा जाऊन किती वर्स झाले वो."

"गेले म्हून का त्याहिचे कान गेले?" तिनं शेणाचा हात कोपरापर्यंत बुडवला. "आन् त्यात मी बकरीले शिव्या देल्ल्या हायेत. तुमालेबी देल्ल्या हायेत. नाई. तुमचे गाने तुमी लावा. मले काढा त्यातून."

"तुले काढलं तं काय राह्यते?"

"तुमी राह्यता ना. येवढे मोठे गायक."

"वच्छला..."

"नाई म्हनलं ना जी."

दीपालीनं आजीला समजवायला तोंड उघडलं, पण मी तिला खुणेनं थांबवलं. आवाज जिचा आहे तिचा आहे. तो मला आवडतो म्हणून माझा होत नाही. मी प्रवीणला फोन लावला आणि सांगितलं, बाईचा आवाज काढून टाक.

"काढता येते," तो म्हणाला. "आजकाल सगळंच काढता येते." पण त्याचा आवाज पडला होता. काही दिवसांनी परत फोन आला. "आबाजी, आजीसंगं बकरीबी गेली. घागरबी गेली. कोंबडी तेवढी राह्यली. मी साफ करून राह्यलो का नासवून राह्यलो, मलेच समजत नाई. आन् झीलच्या जागेवर काय टाकू?"

"रिकामी ठेव."

"रिकामी?"

"मंडईत भैयाजी राहीन, त्याचे लोक राहतीन. ते उचलतीन."

वच्छलाला मी म्हटलं, तुझं सगळं काढलं, एकदा ऐकून घे. तिनं सुपातलं धान पाखडत उत्तर दिलं, "मी नाई त्यात, मंग मले काय करायचं आयकून?"

भाऊबीज झाली आणि मंडई आली. आमच्या गावची मंडई दिवसाची. सासरी गेलेल्या पोरी आलेल्या असतात, त्यांची लेकरं, जावई, जावयांचे मित्र. शाळेच्या पटांगणात आकाशपाळणा लागला होता. जिलेबीच्या कढया, उसाच्या मोळ्या, बांगड्यावाल्या बायांची पालं. चावडीपुढच्या चिंचेखाली दंडारीची जागा, तिथं सतरंज्या टाकल्या होत्या. प्रवीणनं दोन मोठे भोंगे लावले आणि मधे टेबलावर आपला कम्प्युटर मांडला. दीपाली त्याच्या शेजारी उभी राहिली.

भैयाजी आपली माणसं घेऊन सगळ्यात पुढं बसला. माझ्याच वयाचा, पोट पुढं, डोक्याला गुलाबी फेटा. आवाज असा, की जिलेबीवाल्यानं दोनदा वळून पाहिलं.

"का गा लटारू, तू आज गाऊन नाई राह्यला म्हनते. तुह्या भुताचं गानं लावून राह्यला?"

"भुताचं नाई. तरन्या लटारूचं."

"तेच म्हनतो मी. त्या तरन्याचं भूत. टाक तू, उचलतो आमी. भैयाजीनं आजवर ओळ पडू देल्ली का?"

वच्छला बायकांच्या बाजूला मागं बसली होती, आमची लेक, तिच्या नणंदा, सगळा गोतावळा. डोक्यावर पदर, हातात फुटाण्याची पुडी. ती माझ्याकडं बघतही नव्हती.

प्रवीणनं पहिलंच गाणं बैलाचं लावलं. भोंग्यातून माझा तरणा आवाज निघाला आणि चिंचेवरची पाखरं उडाली.

"बैल माहा शायना गं, चिखल पाहून बसला..."

आणि रिकामी जागा.

भैयाजीनं छाती भरून घेतली, हात वर केला आणि आपल्या माणसांसोबत गर्जला, "चिखल पाहून बसला!" पुढं त्याला काय म्हणावं सुचेना. जागा अजून शिल्लक होती. त्यानं परत म्हटलं, "बसला!" मग एकटाच, हळू, "बसलाच गा बसला..."

लोक खिदळायला लागले. पण कॅसेट कुणासाठी थांबत नाही. भैयाजी अजून बसलेलाच होता आणि वरून दुसरी ओळ आली.

"पानी आला, पानी आला, बांधी भरून गेली..."

परत रिकामी जागा. यावेळी कोणीच उचलली नाही. भैयाजी मिशीला हात लावून प्रवीणकडं बघायला लागला, जसं काही त्यानंच गाणं मोडलं. ओळ गेली आणि सतरंजीवर पडली. मला ती पडताना दिसली. मी बायकांच्या बाजूला पाहिलं.

वच्छलाचं तोंड थांबलं होतं. फुटाणा दातांत तसाच. ती भैयाजीच्या फेट्याकडं बघत होती, आणि त्या बघण्याची मला घरची ओळख होती. दूध उतू जात असताना पोट्टी नुसती उभी राहिली, की ती अशी बघते.

तिसरी ओळ आली, धानाच्या रोवणीची.

"उठ रे सर्जा, उठ रे राजा, रोवना राह्यला मांगं..."

भैयाजी गप्प. भोंगा गप्प. एक जिलेबी तेलात पडल्याचा आवाज तेवढा आला.

मग मागून, बायकांतून, बसल्या जागेवरून आवाज उठला. म्हातारा झाला होता, पण तिखटपणा तोच.

"बैल उठला, धनी उठंना, कोन कोनाच्या मांगं!"

मग अशी हास्याची लाट आली, की पाळण्यावरचे लोक खाली वाकून बघायला लागले काय झालं म्हणून. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. एक जावई उभा राहून विचारत होता, "कोन व्हय? कोन व्हय ते?" आमची लेक आईकडं बोट दाखवत होती आणि आई तिचा हात खाली ओढत होती. पदर डोक्यावरून कधीच खांद्यावर आला होता.

"वन्स मोर!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच.

वच्छला उठली. मला वाटलं, आता घरी जाईल. मी अर्धा उभाही राहिलो. ती सतरंज्यांवरून वाट काढत सरळ पुढं आली, प्रवीणच्या टेबलाशी.

"आता सुरूपासून लाव गा पोरा," ती म्हणाली. "याहिनं दोन ओळी मातीत घातल्या."

"मी काय करू वहिनी?" भैयाजी कळवळून बोलला. "मले काय मालूम, त्याच्यात काय हाये!"

"मालूम नाई तं एवढा मोठा फेटा कायले बांधला?"

प्रवीणनं बटणाकडं हात नेला, पण मी त्याचा हात धरला. भुताला आता बसू दे म्हटलं. माइक घेतला. आवाज माझा आता कॅसेटीतला राहिलेला नाही, वरचा सूर लागत नाही, खालचा घोगरतो. तरी मी ओळ टाकली.

"बैल माहा शायना गं, चिखल पाहून बसला..."

आणि थांबलो. वाट पाहावी लागलीच नाही.

"धनी त्याहून शायना गं, त्याच्या शेजारी बसला!"

"पानी आला, पानी आला, बांधी भरून गेली..."

"पानठेल्यावर धन्याची दुपार सरून गेली!"

म्हणताना तिनं पूर्ण हात लांब करून गावाला माझ्याकडं दाखवलं, हाच तो धनी म्हणून. तिसऱ्या ओळीला तर भैयाजी आणि त्याचे लोकही तिच्यामागं उभे राहिले आणि तिची जोड तिच्या पाठोपाठ उचलायला लागले. झीलवर झील. बाई पुढं आणि फेटेवाले तिच्या मागं, असं चित्र आमच्या चिंचेनं पहिल्यांदाच पाहिलं. दीपाली फोन धरून उभी होती, पण हसण्यानं तिचा हात इतका हलत होता, की नंतर त्यात नुसते भैयाजीचे पाय दिसले.

दोघांनी मिळून मोहाचं म्हटलं, अजून दोन म्हटली. घसा सुकला तेव्हा वच्छला खाली बसली आणि पदर परत डोक्यावर घेतला, जसं काही झालंच नाही. मग प्रवीणला हाक मारली.

"माहा आवाज कुठी फेकला तुवा?"

"फेकला नाई आजी. ठेवला हाये."

"मंग जिथचा तिथी लावून दे. अशा उघड्या ओळी गावभर सोडाच्या नाई. बरं नाई दिसत."

"बकरी?"

तिनं थोडा विचार केला. "बकरीबी ठेव. तिचा काय दोष? पन मी याहिले जे बोलली ते..."

"तेबी ठेव," मी मधेच म्हणालो.

"ठेव मंग," ती म्हणाली. "खरंच बोलली होती."

पौष लागायच्या आत ती कच्ची गाणी मोबाईलवर आली. दीपालीनं वर दोघांची नावं टाकली, आधी तिचं. आता बाजारात गेलो तर माझ्या गाण्याची ओळ कोणी म्हणत नाही. भाजीवाली लांबूनच ओरडते, "रेकॉर्डिंग खाऊन राह्यली!" आणि बाजूचे चार जण हसतात. भैयाजी सगळ्यांना सांगतो, की वहिनीला झील त्यानंच शिकवली.

वच्छलानं सगळी गाणी एकदा बसून ऐकली. एका ठिकाणी तिची झील उशिरा आली आहे, तेवढ्यावर ती अडली. परत म्हणून द्यायला तयार होती. प्रवीण म्हणाला, आजी, कच्चं ते कच्चंच ठेवायचं असते. तिला ते पटलेलं नाही.

परवा दुपारी मी ओसरीवर वही घेऊन बसलो होतो. धान कापून झालं होतं, अंगणात ऊन होतं, एक ओळ येऊन बोटांशी अडली होती. वच्छला तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं बराच वेळ पाहिलं.

"काय करून राह्यले जी?"

"लिहून राह्यलो."

"लिहू नोका," ती म्हणाली. "म्हना."

दीपालीचा जुना फोन खिडकीत होता. मी तो घेतला, लाल ठिपका दाबला आणि तिच्या सुपाजवळ ठेवला. ओळ टाकली. कोंबडी ओरडली. वच्छलानं एक शेंग फोडली, दाणे सुपात सोडले आणि ओळ उचलली.